बेचाळीस अंशांची कबुली

निनावे मॅडम पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या, हे त्यांच्याकडे पाहून कुणालाही पटणार नाही. जीवरसायनशास्त्र विभागात मी मार्गदर्शक शोधत गेलो, तेव्हा आमची पहिली भेट झाली. त्यांनी माझे गुण विचारलेच नाहीत. पिवळ्या पाण्याच्या सहा नळ्या पुढे ठेवल्या आणि फिक्यापासून गडद अशा लावायला सांगितल्या. मी ऐटीत लावल्या. मग त्यांनी एकेक नळी रंगाची गडदता मोजणाऱ्या कलरीमीटरमध्ये घालून दाखवली; दोन ठिकाणी मी सपशेल आपटलो होतो. मॅडम विणकरांच्या घरातल्या, सुताच्या छटा लहानपणापासून ओळखणाऱ्या. तरी मोजमापात त्या स्वतःच्या डोळ्यांवरही कधी विसंबल्या नाहीत.

आमचं काम संत्र्याच्या बागांतल्या मातीचं. मातीत फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम असतं. ते झाडाला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोकळं करून देतं. नमुन्यात एक रंगहीन द्रव्य घालून नळ्या सदतीस अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायच्या. एन्झाइम जितकं कामसू, तितका शेवटी पिवळा रंग गडद. शेतकरी माती घेऊन आले की मॅडम आधी त्यांना चहा देत, मग मातीला नंबर.

शेणखत घातलेल्या बागांचे नमुने मी मे महिन्यात तपासले, बाकीचे हिवाळ्यात. शेणखताचे आकडे झकास आले. आमचा शोधनिबंध स्वीकारला गेला, विभागात पेढेही वाटून झाले. त्यानंतर, पुढच्या मे महिन्यातल्या एका दुपारी मी सहज नळ्यांच्या पाण्यात थर्मामीटर बुडवला, तर बेचाळीस. नळ्या ठेवायचा वॉटर बाथ पाणी तापवतो, थंड करत नाही. आणि नागपूरच्या मे महिन्यात खोलीच सदतीसच्या पार गेलेली; आदल्या मे महिन्यातही हेच झालं असणार. माझं एन्झाइम शेणखतापेक्षा उन्हानेच जास्त जोमात आलं होतं.

पीएच.डी. हातातोंडाशी आली होती. आठ दिवस मी मिठाची गुळणी धरून बसलो. नवव्या दिवशी नंदनवनला मॅडमच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. मग म्हणाल्या, “आठ दिवस एकटाच काहून कुढत राहिला गा? मले पयलेच सांगाचं होतं.”

त्याच संध्याकाळी त्यांनी संपादकांना पत्र लिहून निबंध मागे घेतला. पुढे सर्व बागांमधून नवे नमुने आणले. पाण्यात बर्फाचे खडे टाकत, सदतीस राखत, आम्ही दोघांनी ते एकाच हंगामात तपासले. शेणखताचा फरक उरला, पण पहिल्याच्या निम्माही नाही. प्रबंधात तोच गेला.

त्या पत्रात मॅडमनी लिहिलं होतं की तापमान पाहण्यात त्यांच्याकडून हयगय झाली. मी हरकत घेतली, तर म्हणाल्या, तुझं नाव अजून व्हायचं आहे, त्याला आताच डाग कशाला? पुढे वर्षानुवर्षं ‘निबंध मागे घेतलेल्या बाई’ अशी कुजबुज त्यांच्या वाट्याला आली. विभागप्रमुखपदाच्या वेळीही तो विषय निघाला. मॅडमनी ब्र काढला नाही. मीही काढला नाही, आणि याची मला फार लाज वाटते.

या गौरवग्रंथात मॅडमच्या कार्याविषयी लिहावं, असं मला सांगण्यात आलं. आपणा सर्वांना ठाऊक असावं असं त्यांचं एक मोठं कार्य हेच. ती हयगय माझी होती, त्यांची नव्हे.

मॅडम, हे छापलेलं पाहून तुम्ही रागवाल, याची मला खात्री आहे. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. रागवायचं पुष्कळ बाकी आहे, आणि ऐकून घेणारा इथेच नागपुरात, हुडकेश्वरला राहतो.