फलाटावरचं पीक

यादी केल्याशिवाय मी कुठलंही काम करत नाही. आमच्या माडीवरच्या रेल्वे स्टेशनचं जे काही झालं, तेही यादीप्रमाणेच झालं.

स्टेशन माझ्या यजमानांचं. सासरे, म्हणजे आप्पा, साताऱ्याहून सांगलीकडे जाणाऱ्या लाइनीवर एका छोट्या स्टेशनात बावीस वर्षं स्टेशनमास्तर होते. दुसरा रूळ टाकताना ते स्टेशन पाडलं. तेव्हापासून त्या लाइनीने जाताना आप्पा उलट्या बाजूच्या खिडकीशी बसतात. दसऱ्याला त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. त्या दिवशी त्यांचं स्टेशन, होतं तसं, एका मोठ्या फळीवर उभं करून दाखवायचं, असं ह्यांनी ठरवलं.

ठरवलं संक्रांतीला. श्रावण संपला तरी फळीवर फक्त रूळ, एक बोटभर इंजिन आणि ह्यांचं कोपर होतं. पुठ्ठ्याची इमारत तयार होती, पण ती ठेवायची कुठे?

"कडुनिंबापासून चार बोटं सोडून," हे म्हणाले.

"मग ठेवा."

"कडुनिंब कुठं होता ते नक्की आठवत नाही."

"आप्पांना विचारा."

"मग त्यांना कळेल ना!"

एक बाक ठेवायला त्यांनी सोळा दिवस घेतले. (बाक काडेपेटीच्या काड्यांचा. बसणार कोणी नव्हतं.) नवरात्राला दोन दिवस उरले आणि डोंगर, शेत, गवत, कशाचाच पत्ता नाही. मग मी चार्ज घेतला.

माझी जाऊ शोभा आप्पांबरोबर गावाकडे, रहिमतपूरजवळ राहते. घटाखाली पसरून धान्य पेरायला लागणारी माती दरवर्षी तीच शेतातून पाठवते. या वेळी पिशवी चांगली भरगच्च आली. माती चाळलेली, काळीभोर. इकडे हे डोंगरासाठी पार्सलने माती मागवायच्या बेतात होते. घरचं सहा एकर रान असताना! मी तो बेत रद्द करायला लावला. पिशवीत वर एक कागद होता, मागून कोरा. कोरा कागद मी वाया घालवत नाही. तिथेच यादी केली: अर्धी माती घटाला, अर्धी स्टेशनला. पांढरा डिंक पाण्यात पातळ करून मातीवर शिंपडणे. भेगा पडू नयेत म्हणून वर ओली चादर. चादरीवर सकाळ-संध्याकाळ फवारा. चादर दसऱ्यालाच काढणे. कागद फ्रिजला लावला आणि एका दुपारीत डोंगर, शेत, फलाट, सगळं थापून, ह्यांनी केलेली इमारत, निंब, घंटा, टाकी, सिग्नल अंदाजाने रोवून मोकळी झाले.

"एका दुपारीत?" हे म्हणाले.

"बाक हलवत बसले नाही ना," मी म्हणाले.

त्या वर्षी माझा घट असा काही उगवला की गल्लीतल्या बायका बघायला आल्या. ब्रशासारखं दाट धान. "सुनंदावैनी, हाताला गुण आहे हो तुमच्या," शेजारच्या काकू म्हणाल्या. मी त्यांना रहस्य सांगितलं: नियमितपणा.

सहाव्या माळेला हे माडीवरून खाली आले.

"अगं, डोंगर वाढलाय का?"

"ओली माती फुगते."

"पण चादर सिग्नलच्या वर गेलीय."

"मग सिग्नल तुम्ही बुटका केलाय."

माझा आवाज इतका ठाम होता की त्यांनी मुकाट्याने उंच सिग्नल बनवला आणि चादरीच्या कडेखालून हात घालून रोवला. आठव्या माळेला म्हणाले, "खोलीत रानात आल्यासारखा वास येतोय."

"येणारच. रानच केलंय मी."

"एकदा चादर उचलून बघू?"

"यादीत दसरा लिहिलाय."

दसऱ्याला आप्पा आले. नवी टोपी, इस्त्रीचा सदरा. शोभा आणि धाकटे दीर मागोमाग. आप्पांना हाताला धरून माडीवर नेलं. मीच दोन शब्द बोलले (नियोजनाचं महत्त्व) आणि चादर ओढली.

चार बोटं उंच, फिकट पिवळं धान होतं. डोंगरावर होतं, शेतात होतं, फलाटावर होतं, रुळांच्या मधोमध होतं. इमारत एका अंगाला कललेली. बाक पिकाच्या शेंड्यावर तरंगत होता. घाबरून ह्यांनी बटण दाबलं, इंजिन निघालं, ज्वारीत शिरलं आणि तिथेच घरघरत राहिलं.

"आवं ताई," शोभा हळूच म्हणाली, "ही घटाची माती हाय न्हवं? ह्याच्यात मी धान्य मिसळून दिलंवतं. तुमास्नी कामं लय असत्यात म्हून. चिठ्ठी टाकलीवती की पिशवीत."

मी खाली जाऊन फ्रिजवरचा कागद उलटा केला. "ताई, धान्य मिसळलंय, परत पेरू नका." नऊ दिवस मी त्याच कागदावर बरोबरच्या खुणा करत होते.

वर आले तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. आठ महिन्यांचं काम. आप्पा मात्र फळीपाशी गुडघ्यावर बसले होते. दोन्ही हातांनी धान बाजूला सारत ते आत बघत होते. एकेक वस्तू सापडत होती.

"ही घंटा. व्हय, हितंच होती. ही पाण्याची टाकी." मग त्यांनी निंबाभोवतीचं धान बाजूला सारलं. "निंब मातूर डावीकडं पायजे गड्या."

"डावीकडं?" हे वळले.

"माज्या खुर्चीवर सावली यायची दुपारची."

ह्यांनी निंब उपटून डावीकडे लावला. एका मिनिटात. आप्पांनी फलाटावरचा धानाचा एक तुरा खुडला आणि दसऱ्याच्या रिवाजाप्रमाणे टोपीत खोवला. मग मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "रुळात गवत दिसलं की मी गँगमनला मेमो द्यायचो. हितला गँगमन कोण?"

माझ्या यजमानांनी, दीरांनी आणि जावेने माझ्याकडे बोट दाखवलं.

आप्पांनी तिथेच कागद मागून मेमो लिहिला: रुळावर पीक कसे आले, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. मी तो फ्रिजला लावला.

खुलासा अजून दिलेला नाही. त्याचं असं झालं, की मेमोची मागची बाजू कोरी होती आणि दिवाळीच्या सामानाची यादी करायची राहिली होती.