हवालदाराचा लेक

हे लढाईवर गेले तेव्हा आमचा मुलगा रांगत होता, आणि परत आले तेव्हा तो शाळेत बाराखडी गिरवत होता. मधल्या सगळ्या वर्षांत त्याच्या लेखी बाप म्हणजे भिंतीवरचा फोटो. रोज अंघोळ झाली की तो त्या फोटोला सलाम करायचा. माझ्या सासऱ्यांनी तसं शिकवलं होतं, तेही पलटणीतलेच. म्हणून हे सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या दारात टांग्यातून उतरले, तेव्हा पोरगा धावत गेला नाही. त्यानं टाचा जुळवून सलाम केला आणि तसाच उभा राहिला. ह्यांनीही उलट सलाम केला. पुढं काय करायचं ते दोघांनाही सुचेना. शेवटी मीच म्हणाले, "अवो, उचलून घ्या की त्याला!"

उचलून घेतल्यावर मात्र ह्यांनी त्याला बराच वेळ खाली ठेवलं नाही. टांगेवाला भाड्यासाठी ताटकळत उभा होता.

हे जर्मनच्या लढाईत इराकात, बसऱ्याच्या बाजूला होते. तिथं काय पाहिलं ते कधी बोलले नाहीत. हवालदारकीचं पेन्शन होतं, एका गिरणीच्या फाटकावर नोकरीही लागली. घरात पलटण चालूच राहिली. उठल्याबरोबर अंथरुणाची चौकोनी घडी, पितळी तांब्या चिंचेनं घासून लख्ख, जेवताना ताटात एक शीत उरायचं नाही. पोराला ते जड गेलं नाही. त्याला त्यात खेळच वाटायचा. शेजारच्या विणकरांच्या घरी जाऊन तो त्यांच्या पोरांची कवायत घ्यायचा आणि बदल्यात त्यांच्याकडून तेलुगूत मोजायला शिकून यायचा. पलीकडे टांगेवाल्याचं घर. तिथली दखनी हिंदुस्तानी तर तो अशी बोलायचा की टांगेवाल्याची बायको मला म्हणायची, "ये तो हमाराच बच्चा है जी, तुम्हारे घर कू भूल से आया."

तो आठ-नऊ वर्षांचा असतानाची दिवाळी. संध्याकाळी गल्लीत पोरं फटाके उडवत होती. हे ओट्यावर बसले होते. कुणीतरी ह्यांच्या पाठीमागं मोठा फटाका लावला. तो फुटला आणि हे ओट्यावरून खाली, थेट जमिनीवर पालथे. दोन्ही हात डोक्यावर. सगळी गल्ली बघत राहिली. एक-दोन पोरं हसली. मी दारात होते. तेवढ्यात माझा लेक ओट्यावरून उतरला आणि बापाच्या शेजारी तसाच पालथा पडला. नवा सदरा धुळीत. तोंड त्यांच्या तोंडाजवळ नेऊन काहीतरी बोलत होता. थोड्या वेळानं दोघं उठले, हसत हसत कपडे झटकत आत आले. गल्लीला वाटलं, बापलेकांचा काही खेळ आहे.

"काय बोललास रं त्यांना?" मी नंतर विचारलं.

"काय न्हाय. म्हटलं, आबा, मी हितंच हाय."

शाळा संपल्यावर तो गिरणीत साळखात्यात, मागावर लागला. उंच झाला होता, खांदे ह्यांच्यासारखे. आमच्या घरात कुणी विचारायचंही नसे की पोरगा पुढं काय करणार. त्यानं स्वतःच ठरवलं होतं. भरतीवाले सोलापुरात आले तेव्हा तो गेला, हे बरोबर गेले. दुपारी एकटाच परत आला आणि मला चुलीपुढून उठवून विचारलं, "आई, लहानपणी मला फेफरं यायचं?"

"तुला? कंदी बी न्हाय. कोण म्हणतं?"

"आबा म्हणतात. त्यांनीच भरतीच्या जमादाराला बाजूला घेऊन सांगितलं. मला परत पाठवलं."

हे आले ते सरळ मागच्या परसात गेले. तोही मागं गेला. मी दाराआड उभी राहिले.

"आबा, तुमी खोटं बोलला."

"व्हय."

"का?"

ह्यांनी पायातल्या वहाणा काढून भिंतीला जुळवून ठेवल्या. मग म्हणाले, "मी तितं जाऊन आलोय म्हणून."

त्या दिवसापासून पोराचं ह्यांच्याशी बोलणं हो-नाहीपुरतं राहिलं. मी दोघांना एका पंक्तीला वाढायचे. दोघंही माझ्याशी बोलायचे. ज्या माणसानं पोराला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल उन्हात उभं केलं होतं, त्यानं स्वतः खोटं बोलावं, हे त्याला पचत नव्हतं. आणि मला? मला मनातून बरं वाटलं होतं. लेक घरात होता.

पुढच्या वर्षी भरतीवाले पुन्हा आले. त्या सकाळी तो ह्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"आबा, मी आज जाणार. तुमी जाऊ नको म्हणालात तरी जाणार. पण तुमी यावं आणि खरं सांगावं, असं मला वाटतं."

ह्यांनी ठेवणीतला कोट काढला, बिल्ले लावले. जमादार पूर्वी ह्यांच्याच हाताखाली शिपाई होता. त्याच्यापुढं, रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या पोरांच्या देखत, हे म्हणाले, "मागल्या साली मी खोटं सांगितलं. पोरगा धडधाकट हाय. घ्या त्याला." हे सगळं मला पोरानं सांगितलं. म्हणाला, "आई, त्यांची मान खाली होती ग. मी आबांची मान खाली कंदी बघितली नव्हती." स्टेशनवर निघताना तो ह्यांच्या पायावर इतका वेळ वाकून राहिला की मागची माणसं खोळंबली.

एकदा रजेवर आला. पलटण क्वेट्ट्याला होती, तिथून जर्दाळू आणले होते, ते गल्लीभर वाटले. बापलेक ओट्यावर बसून तासन् तास बोलत. खेचरं कशी आहेत, थंडी किती पडते, लंगरात डाळ कशी मिळते, असलं सगळं हे विचारायचे. बंदुकीचं कधी विचारलं नाही. मी एक-दोन मुली पाहून ठेवल्या होत्या. त्यानं अकलूजकडची पसंत केली. पुढच्या रजेत लग्न करायचं ठरलं.

ती रजा आलीच नाही. उन्हाळ्यात क्वेट्ट्याला भूकंप झाला. पेठेत वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, शहर झोपेतच गाडलं गेलं म्हणून. मग कळलं, छावणीचा भाग बराचसा वाचला. त्याचं चार ओळींचं पत्रही आलं, की मी सुखरूप आहे, ढिगारे उपसायचं काम आहे. मी खणानारळानं देवीची ओटी भरून आले. आणि त्यानंतर तार आली.

ह्यांनी तार वाचली, घडी केली आणि म्हणाले, "गेला." मी म्हणाले, "पत्र आलंय की त्याचं." हे पुन्हा म्हणाले, "गेला ग." मी ते पत्र आणून त्यांच्यापुढं धरलं. पुढचं मला आठवत नाही. टांगेवाल्याच्या बायकोनं मला धरून ठेवलं होतं, एवढं नंतर कळलं.

दिवाळी झाल्यावर त्याच्या पलटणीतला एक जोडीदार रजेवर आला आणि आपल्या घरी जायच्या आधी आमच्याकडं उतरला. वेळापूरकडच्या मेंढपाळांचा मुलगा. ओट्यावर चढला आणि ह्यांच्यापुढं ताठ उभा राहिला, तर हे म्हणाले, "बस रं बाबा. हितं कवायत न्हाय."

त्यानं सांगितलं ते असं. "तितली माणसं ढिगाऱ्याखाली अडकलेली. आमची बोली त्यांना कळंना. तुमच्या लेकाला हिंदुस्तानी येत हुती, सोलापूरची. म्हणून ह्यालाच पुढं धाडायचे. हा पालथा पडून भोकातनं हाका मारायचा, 'अंदर कौन है जी? हलू बोलो, मैं सुनतऊं.' उत्तर आलं की आमी खणायचो. लई माणसं काढली, मावशी. एक पोरगी हुती, पाच-सहा वर्सांची. आई-बाप वरच मेलेले, ही खाली. सकाळधरनं हा तिच्याशी बोलत बसला. गाणी म्हणायला लावली तिला. दुपारी ती निघाली. ह्यानंच हात घालून वडली आन माज्याकडं दिली. मी तिला घिऊन चार पावलं गेलो न गेलो, तवर जमीन परत हालली. भित ह्याच्यावर आली."

तो रडू लागला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी फक्त ऐकत होते, एकही शब्द सांडू नये म्हणून.

ह्यांनी मग विचारलं, "त्यानं कंदी गोळी चालवली का? माणसावर?"

"न्हाय, हवालदारसाहेब. चांदमारीत, निशाणावर चालवली. माणसावर येळच आली न्हाय."

"नक्की?"

"देवाशप्पत."

"बरं," असं म्हणून हे उठले आणि परसात गेले. तार आल्यापासून ह्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता परसातून आवाज येऊ लागला. तो पोरगा उठायला लागला, मी त्याला खाली बसवलं. बऱ्याच वेळानं हे तोंड धुऊन आले आणि मला म्हणाले, "पोरगा लांबनं आलाय. भाकरी टाक."

मी गरम भाकरी केली. तो जेवत असताना मी विचारलं, "ती मुलगी जगली का रं?"

"जगली की. दवाखान्यातनं तिचा मामा घिऊन गेला. ह्याला शोदायला आलती परत, हाका मारनारा कुठाय म्हनत."

"मग?"

त्यानं मान खाली घातली. "मीच भेटलो तिला. म्हनलं, तो त्याच्या घरी गेला."

त्या मुलीचं नाव त्याला विचारायचं राहिलं. आता तिचंही लग्न झालं असेल. ती कुठं असेल, तिला पोरंबाळं किती, याचा विचार मी भाकरी थापताना, उन्हात धान्य घालताना करत असते. ह्यांना एकदा सांगितलं, तर म्हणाले, "मी बी करतो."