चाकांचा घोडा आणि आम्ही चौघं

कुणाच्या लग्नात आम्ही जुने वायरमन एका पंगतीला बसलो, की वाढपी दोनदा येऊन जातो, तरी आमची पानं तशीच! एक सांगून होत नाही तोवर दुसऱ्याला दुसरं आठवतं. आणि गंमत म्हणजे आठवतं ते सगळं घाबरल्याचंच. जे काम सरळ झालं, त्यातलं एकही लक्षात नाही.

साठ सालच्या आगेमागे नंदुरबारात वीज नवी नवी होती. एका कंत्राटदाराकडे आम्ही वायरिंग करायचो. मुख्य माणूस दगा मिस्तरी. अंगानं काटकुळे, बोलणं त्याहून कमी. बरोबर मी, सुपडू आणि धडगावकडचा रुमाल नावाचा पोरगा.

तेव्हा उंचावर जायला बांबूची शिडी. एका धान्याच्या गोदामात मी तुळईला क्लिप ठोकत होतो. खाली फरशीवर ज्वारी सांडलेली. शिडी सर्रकन सरकली आणि मी तुळई धरून लोंबकळलो!

सुपडू ओरडला, "उडी मार!"

मिस्तरी ओरडले, "मारू नको!"

रुमालनं एकट्यानं माझ्या पायाखाली पोती रचली. एक, दोन, तीन… बोटं सुटायला लागली होती. सातव्या पोत्याला पाय टेकले.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी सुताराकडे गेले. सागाचा उंच घोडा करून घेतला. खाली चार चाकं, चाकांना जुन्या टायरचं रबर, आतून चढायला पायऱ्या, वर उभं राहायला फळ्या आणि कमरेएवढा कठडा. इंजिन नाही की पेट्रोल नाही. दोघांनी ढकलायचा, चाकाला पाचर मारायची आणि चढायचं. भिंतीचा आधार नको, दोन्ही हात मोकळे.

मी म्हटलं, "मिस्तरी, एवढा खटाटोप कशाला?"

"तुले परत लोंबकळानं शे का?"

*

नवापूरकडच्या एका दवाखान्यात काम निघालं. चुन्याची भिंत फोडून मी डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक. पुढची जागा वॉर्डात होती. सुपडू आणि रुमालनं मला वरच ठेवून घोडा आत ढकलला. रबरी चाकं, आवाज म्हणून नाही.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारबाबा झोपले होते. त्यांनी डोळे उघडले, तर छताजवळून एक पांढरा माणूस तरंगत येतोय!

बाबांनी हात जोडले. "देवा, लेवाले उना का?"

देव न्यायला आला, असं त्यांना वाटलं. मी घाबरून म्हटलं, "नाही बाबा, लाइट लावाले!"

बाबांनी शेजारच्या खाटेकडे बोट केलं. "मंग पहिले त्यान्हाकडे लाव!"

*

पाचर दोघांनी तपासल्याशिवाय वर चढायचं नाही, हा नियम झाला तो सुपडूमुळे. बाजारातल्या उताराच्या गल्लीत तो वर काम करत होता. पाचर मीच मारली होती, पण नीट बसली नव्हती. वारा आला आणि घोडा निघाला!

मी आणि रुमाल मागे धावतोय, सुपडू कठड्याला मिठी मारून बसलाय, लोक दुकानात पळतायत. वरच्या मजल्यावर खिडकीत एक बाई पापड वाळत घालत होत्या. सुपडू त्यांच्यासमोरून गेला तेव्हा तोंडून काय निघावं? "राम राम, ताई!"

गल्लीच्या टोकाला कापसाची गाडी उभी होती. घोडा तिच्यात घुसला आणि सुपडू कापसात. बाहेर काढला तेव्हा हसू की रडू असं त्याला झालेलं. मला मात्र दोन दिवस अन्न गेलं नाही. गाडी तिथं नसती तर पुढे विहीर होती.

*

प्रकाशा गावी एका देवळाच्या सभामंडपात दिवे लावायचे होते. मी वर, डोकं छताला लागेलसं. मान वळवली, तर हातभर अंतरावर आग्या मोहोळ! माशांचा थर काळा, जिवंत, हलणारा. मी घाम पुसायलाही हात उचलला नाही.

खाली मिस्तरींनी पाहिलं. ते ओरडले नाहीत. उतरायचं तर पायऱ्या हादरणार. त्यांनी पाचर काढली, ओठांवर बोट ठेवलं आणि तिघांनी घोडा बोटबोट मागे ढकलायला सुरुवात केली. एक माशी माझ्या पापणीवर बसली. फिरली. उडाली.

मंडपाबाहेर उन्हात आल्यावर मिस्तरी म्हणाले, "आते ले श्वास!"

*

आणि हा कापसाच्या जिनिंग कारखान्यातला किस्सा.

मिस्तरींनी मेन स्विच बंद करून घेतला, वर चढले आणि उघडी तार ताणून धरली. डाव्या खांद्यापासून चार बोटांवर लोखंडी शाफ्ट. एवढ्यात पलीकडचे चार दिवे लागले. कुणीतरी मेन चालू केला होता!

तार मिस्तरींच्या मुठीत. पायाखाली कोरडं सागवान, म्हणून ते जिवंत होते. खांदा लोखंडाला लागला की संपलं. तार सोडली तरी ती उसळून अंगावर येणार.

मिस्तरी हळू आवाजात म्हणाले, "कोन्ही घोडाले हात लावू नका. हलावू नका."

रुमाल मेनकडे धावला. एवढं लांबलचक जिनिंग मी कधी पाहिलं नव्हतं! सुपडू डोळे मिटून उभा. मी मिस्तरींच्या खांद्याकडे पाहत होतो. तो थरथरत होता.

दिवे विझले.

मी ओरडलो, "सोडा, मिस्तरी! बंद झाली!"

ते सोडेनात. मूठ तशीच, डोळे तारेवर.

रुमाल ओरडला, "मी सोता बंद करी!"

"पहिलेबी बंदच करेल होती," मिस्तरी म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

किती वेळ गेला, माहीत नाही. मग दारातून मिस्तरींची बायको आत आली. आम्ही तिला माई म्हणायचो. हातात डबा. तिनं कुणाला काही विचारलं नाही. घोड्याखाली येऊन वर पाहिलं.

"उतरा खाले. भाकर थंडी होई ऱ्हायनी."

मिस्तरींची मूठ उघडली.

ते उतरले, हात धुतले, पोत्यावर बसून निमूट जेवले. माई समोर बसून होती.

माई डबा आणायची तो दुपारी एकला, रोज, न चुकता. भिंतीवरच्या चावीच्या घड्याळात ती आली तेव्हा साडेदहाच वाजले होते.