यहूदाचं काम करणारा माणूस

आमच्या मंडळीत ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी चर्चच्या अंगणात नाटक व्हायचं. प्रभूच्या शेवटच्या आठवड्याचं. बसवायच्या रत्नमालाबाई साळवे. शाळेतून निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या, पण आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. कुणाला कुठलं काम द्यायचं हे त्या माणसाकडे बघूनच ठरवायच्या. म्हणायच्या, "शास्त्रातली माणसं कुठे लांब यरुशलेमात नाहीत, आपल्या मनातच दाटीवाटीनं बसलेली असतात. धांदल करणारी मार्था आहे, खात्री मागणारा थोमा आहे, हात धुऊन मोकळा होणारा पिलातही आहे. एखाद्यात एखादा वर आलेला दिसतो एवढंच."

याजकांकडून पैसे घेऊन प्रभूला पकडून देणारा यहूदा मात्र कुणालाच आपल्यात वर आलेला नको असायचा. बाप्ये लोक सरळ नाही म्हणायचे. शेवटी एका वर्षी शमुवेल त्रिभुवन उठून म्हणाले, "द्या मला. कुणीतरी करायलाच पाहिजे." तेव्हापासून यहूदा त्यांच्याकडेच राहिला.

शमूभाऊ नाशिकच्या सातपूर भागात एका कारखान्यात फिटर होते. जाड भुवया, घोगरा आवाज, बोलणं कमी. नाटकानंतर आठवडाभर लहान मुलं त्यांना बघून आईच्या पदराआड जायची. त्यांची बायको छाया याला वैतागायची. थोरलीचं लग्न जमवताना मुलाकडचे हसत हसत म्हणाले होते, "म्हणजे यहूदाच्या घरची मुलगी." छायाबाईंना ते लागलं. शमूभाऊ नुसते हसले.

पण काम ते मनापासून करायचे. यहूदाला पस्तावा होतो आणि तो याजकांकडे परत जातो, 'मी पाप केलं' म्हणतो, हा प्रवेश. याजक उत्तर देतात, "त्याचं आम्हांला काय? तुझं तू पाहा." यानंतर यहूदा जाऊन गळफास घेतो, म्हणून बाईंनी इथे त्याला लगेच आत जायला सांगितलं होतं. शमूभाऊ जायचे नाहीत. तिथेच उभे राहून एकेका शिष्याकडे बघायचे, मग समोर बसलेल्या आमच्याकडे. लोकांची चुळबुळ सुरू व्हायची. बाईंनी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "तो जायला लगेच निघाला नसेल, बाई. कुणी हाक मारतं का, ते बघितलं असेल त्यानं."

पेत्राचं, म्हणजे प्रभूच्या पट्टशिष्याचं काम जीवन पगारे करायचा. शमूभाऊंपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, उमदा, चटकन पुढे होणारा. नाताळात मंडप घालायला पहिला तोच. 'सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही' हे पेत्राचं वाक्य त्याच्या तोंडी इतकं खरं वाटायचं की बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याला कारखान्यात शमूभाऊंनीच चिकटवलं होतं. दोघं एकाच खात्यात, सकाळी एकाच बसनं जायचे.

शहाण्णव साली त्यांच्या खात्यात एका कामगाराचा हात प्रेसखाली सापडला. मशिनला हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी काढलेली होती. माल लवकर निघावा म्हणून ती काढायला साहेबानं तोंडी सांगितलं होतं. शमूभाऊंनी तेव्हाच त्याला विरोध केला होता आणि जीवन त्या वेळी शेजारी उभा होता. अपघातानंतर साहेब उलटला. जाळी त्रिभुवननं आपल्या मनानं काढली, असं त्यानं चौकशीत सांगितलं. शमूभाऊंना काळजी वाटली नाही. जीवन होता ना.

चौकशीत जीवनला विचारलं, "साहेब बोलले तेव्हा तू तिथे होतास?"

"नव्हतो."

"त्रिभुवननं तुला नंतर काही सांगितलं?"

"आमचं तसं काही बोलणं नसतं," जीवन म्हणाला. त्याची बायको सुवर्णा तेव्हा पोटुशी होती आणि नोकरी जाईल असं त्याला आदल्या दिवशी कुणीतरी बजावलं होतं.

शमूभाऊ समोरच्याच खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. महिन्याभरात त्यांना कामावरून काढलं.

मंडळीत सगळ्यांना कळलं. लोक जीवनशी बोलायचे थांबले. मग तोच चर्चला यायचा थांबला. पुढे कामावर जाणंही सोडलं. त्या वर्षी नाटक झालं नाही.

मे महिन्यात एका दुपारी सुवर्णा शमूभाऊंच्या दारात आली. दिवस भरत आलेले, चेहरा उतरलेला. छायाबाईंनी तिला पाणी दिलं, पण आत या म्हटलं नाही.

"भाऊ आहेत का?"

"काय काम आहे?"

"हे रोज दारणा नदीवर जाऊन बसतात. बोलत नाहीत, जेवत नाहीत. काल घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, राहू दे तुझ्याकडे. मला भीती वाटते, वहिनी."

छायाबाई इतक्या दिवसांच्या रागानं भरल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यानं केलं ते त्याचं त्यानं पाहावं. आम्हांला काय त्याचं?"

आतल्या खोलीत शमूभाऊ शर्टाचं बटण शिवत बसले होते. त्यांचा हात थांबला. दरवर्षी समोर उभं राहून ऐकलेले शब्द आज त्यांच्या स्वतःच्या घरातून बाहेर पडले होते. त्यांनी सुई तशीच शर्टात खोचली, तोच शर्ट अंगात घातला आणि चपला पायात सरकवल्या.

"अहो, उन्हाचं कुठे निघालात?"

"येतो," एवढंच म्हणाले.

दारणेच्या काठी बाभळीखाली जीवन बसला होता. दाढी वाढलेली. शमूभाऊंना बघून तो उठला आणि दोन पावलं मागे सरला. मागे पाणी होतं.

"बस," शमूभाऊ म्हणाले. "मी मारायला नाही आलो. माफ करायलाही नाही आलो. मला राग आहे तुझा."

"मग कशाला आलात?"

"राग काढायला तू तरी असायला पाहिजेस ना."

जीवन बसला. शमूभाऊही शेजारी टेकले. मग जीवन म्हणाला, "भाऊ, इतकी वर्षं तुम्ही यहूदा झालात. खरा मीच निघालो."

"मी ते काम केलंय, मला विचार," शमूभाऊ म्हणाले. "पेत्रानं काय कमी केलं? प्रभूला पकडल्यावर मी त्याला ओळखतच नाही म्हणाला, शपथ घेऊन म्हणाला. दोघांचं एकाच रात्रीचं. दोघांनाही पस्तावा झाला. फरक नंतरचा आहे. पेत्र रडला आणि बाकीच्यांच्यात जाऊन बसला. त्यांनी बसू दिलं. यहूदा एकटाच चालत गेला, त्याच्या मागून कुणी गेलं नाही. माझ्यात दोघंही आहेत, तुझ्यातही आहेत. आज कुणाचं ऐकायचं ते बघ."

जीवन गुडघ्यांत डोकं घालून रडला. शमूभाऊंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ते नंतर कबूल करायचे, की हात पुढे झालाच नाही. पण ते उठूनही गेले नाहीत. ऊन कललं तेव्हा त्याला घेऊन ते रत्नमालाबाईंकडे गेले. बाईंनी काही न विचारता भाकरी आणि बोंबलाची चटणी दोघांपुढे ठेवली.

पुढे जीवननं खरं काय घडलं ते लेखी दिलं. त्याचीही नोकरी गेली. शमूभाऊंचं काम काही परत मिळालं नाही. त्यासाठी घातलेला खटला रेंगाळत राहिला आणि शेवटी त्यांनीच नाद सोडला. द्राक्षबागांचे फवारणीपंप दुरुस्त करायचं छोटं दुकान त्यांनी टाकलं. जीवन घोटीला एका भातगिरणीत लागला. दोघांची मैत्री पहिल्यासारखी झाली नाही. जीवन यायचा, बसायचा, चहा घ्यायचा. छायाबाईंनी त्याच्याशी बोलायला तीन-चार वर्षं घेतली. पण बोलत नव्हत्या तेव्हाही, त्याच्या मुलीच्या नामकरणाला बाळ मांडीवर घेऊन त्याच बसल्या.

नाटक पुन्हा सुरू झालं तेव्हा जीवननं बाईंकडे यहूदाचं काम मागितलं. शमूभाऊ म्हणाले, "त्याला ते फार चांगलं जमेल. म्हणूनच देऊ नका." मग जीवन पुन्हा पेत्रच झाला. 'मी जाणार नाही' हे वाक्य आता तो हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणायचा. मागच्या रांगेला ऐकू यायचं नाही. बाईंनी त्याला कधी मोठ्यानं बोल म्हटलं नाही.

हळूहळू एक रीत पडली. कुणाच्या हातून काही भलतंच झालं, लोकांनी त्याला वाळीत टाकलं, की घरातलं कुणीतरी शमूभाऊंना बोलवायचं. आधी मंडळीतली माणसं, मग आजूबाजूची कुणीही. उपदेश ते करायचे नाहीत, प्रार्थनाही सांगितली तरच. नुसते जाऊन बसायचे. छायाबाई कुरकुरायच्या आणि डबा भरून द्यायच्या.

दोन हजार पाचच्या सुमाराला देवळा तालुक्यातला झुंबर नावाचा एक टेम्पोवाला नाशिकला बहिणीकडे लपून राहिला होता. कांदा घेऊन येताना त्याच्या गाडीखाली एक म्हातारी आली आणि तो न थांबता निघून आला होता. बहीण शमूभाऊंच्या दुकानाशेजारीच राहायची. शमूभाऊ त्याच्याजवळ दोन दुपारी बसले. तिसऱ्या दिवशी झुंबर स्वतःच म्हणाला, "पोलीस ठाण्यात जातो. पण एकट्याचे पाय उचलत नाहीत."

दोघं एस.टी.नं गेले. ठाण्यातल्या हवालदारानं झुंबरचं सगळं लिहून घेतलं, मग शमूभाऊंकडे वळून विचारलं, "तुम्ही याचे कोण?"

"कुणी नाही."

"मग वकील?"

"नाही. याच्यासोबत आलोय."

हवालदारानं एकदा दोघांकडे बघितलं आणि भिंतीकडचं बाकडं दाखवलं. शमूभाऊ झुंबरला घेऊन त्यावर जाऊन बसले. आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी झुंबरपुढे केली.