मागची डावी जागा

मी बातमीदार होतो. पुढे डेस्कवर बसायला लागलो तेव्हा भानामतीची, आपोआप पेटलेल्या गंजींची, शेतात फिरणाऱ्या दिव्यांची पत्रं खेड्यापाड्यांच्या वार्ताहरांकडून नेहमी यायची. मी ती फेकत नसे. खाली 'स्वतः कोणी पाहिलं?' एवढं लिहून परत पाठवायचो. बहुतेकांचं उत्तर येत नसे. अशा गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' असं म्हणायची माझी तयारी नाही. खाली जे लिहितोय ते मी स्वतः पाहिलेलं आणि बोटांनी मोजलेलं आहे. कुणाला काही वास आला, सावली दिसली, बांगड्या वाजल्या... यातलं काहीही त्यात नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. गाव मलकापूर, जिल्हा बुलढाणा. मी एका दैनिकाचा तिथला वार्ताहर होतो आणि थोरल्या भावाकडे राहायचो. दादाचा सरकीचा व्यापार होता. वहिनीचं नाव कुसुम, माहेर मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे. त्यांना मूल नव्हतं. घरात आम्ही तिघं.

दादाला एकच नाद होता – त्याची गाडी. हिरवी, चार दरवाज्यांची, परदेशी बनावटीची, नागपूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतलेली. इंजिन तेज होतं. पण राजूर घाटात वळणावर ती एका अंगाला झुकायची आणि दादाला तेवढ्यासाठी वेग कमी करावा लागायचा. हे त्याला सहन होईना. कुणीतरी सांगितलं की स्प्रिंगा आखूड केल्या की गाडी जमिनीला धरून पळते. त्यानं पुढच्या चाकांसाठी मुंबईच्या बाजारातून आखूड स्प्रिंगा मागवल्या. मागे पाटे होते, म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पानांच्या कमानदार स्प्रिंगा. त्यांची कमान ठोकून उतरवायची, म्हणजे गाडी सगळीकडून दोन-अडीच इंच खाली बसणार.

"तुह्यासाठीच करून राह्यलो," तो वहिनीला म्हणाला. "गाडी खाली आली का तुले चढाले सोपं."

"माह्यं नाव काऊन घेता? तुमाले पयवाची हाय, तं पयवा."

वहिनी नेहमी मागे, डाव्या खिडकीशी बसायची. नवऱ्याच्या शेजारी बसून बाजारातून जायची तिला लाज वाटे. आई होती तेव्हा त्या दोघी मागे बसत. आई गेल्यावरही वहिनीनं जागा बदलली नाही.

"मी काय तुहा डायवर हाओ?" दादा विचारायचा.

"मंग? डायवरले दोन टाइम जेवाले भेटते. तक्रार कायची?"

काम स्टेशनजवळच्या गफूर मिस्त्रीकडे दिलं. पाटा ठोकण्याआधी तो जमिनीवर ठेवून मिस्त्री खडूनं त्याची कमान आखून घेई. ठोकून झाल्यावर नवी कमान शेजारी आखे. दुसरी त्याची पद्धत अशी, की शेवटचे नट आवळताना गाडीत रोजची माणसं रोजच्या जागी बसलेली हवीत. त्याशिवाय तो गाडी बाहेर सोडत नसे.

"गाडी लटकून असतानी नट आवयले तं रबर मरते, शेठ," तो म्हणाला. "वजनावर आवयाचे. भाभीलेही बोलवा. जो जिथं बसते, तो तिथंच बसन."

वहिनी डोक्यावर पदर घेऊन आली आणि आपल्या जागी बसली. दादा स्टेअरिंगवर, मी त्याच्या शेजारी. मिस्त्री गाडीखाली सरकला.

"भाभी, हलू नका."

"माह्यं वजन मोजून राह्यले का मिस्त्री? यायले सांगू नका मंग."

"मी नाई सांगत, भाभी," खालून आवाज आला. "पर पाटाच बोलला तं मी काय करू?"

दादा एवढा हसला की मिस्त्रीला पाना बाजूला ठेवून थांबावं लागलं.

मिस्त्रीनं डाव्या पाट्याची कमान जाणूनबुजून थोडी जास्त ठेवली होती. चाक आणि वरचा पत्रा यांच्यातलं अंतर तो बोटं आडवी लावून मोजायचा. वहिनी मागे बसलेली असली की दोन्ही बाजूंचं अंतर सारखं येई. ती उतरली की डावी बाजू एक बोट वर येई. मीही बोटं लावून पाहिलं. पुढचं सगळं या एका बोटावर आहे, म्हणून ते इथे सांगून ठेवतो.

जाताना मिस्त्री म्हणाला, "शेठ, इंजिनच्या तेलाचं चेंबर आता खाली आलं. डांबरी सोडू नका."

"आमी कुठं नांगराले जुपून राह्यलो तिले?" दादा म्हणाला.

धामणगावच्या वाटेवर एका नाल्यात डांबर नव्हतं, नुसते दगड होते. आम्ही तिघंही त्या वाटेनं कितीदा तरी गेलो होतो. त्या दिवशी तो नाला तिघांपैकी एकालाही आठवला नाही.

हिवाळ्यात वहिनी माहेरी गेली होती. एका सकाळी तिचा चुलतभाऊ पहिल्या एसटीनं निरोप घेऊन आला – रात्रीपासून पोटात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत. दादा आणि मी लगेच निघालो. चुलतभाऊ बाकीच्यांना कळवायला मलकापुरातच थांबला, त्यामुळे जाताना गाडीत आम्ही दोघंच होतो आणि दादानं नाला जपून ओलांडला. वहिनीला घेऊन बुलढाण्याच्या दवाखान्याकडे निघालो तेव्हा तिला कण्हताना ऐकून त्यानं वेग वाढवला होता. शिवाय मागे वहिनीसोबत तिचा सख्खा भाऊ बसला होता, गाडी आणखी खाली आली होती. नाल्यात खालून मोठा आवाज झाला. चेंबर फुटलं आणि तेल दगडांवर सांडलं. तेव्हा सव्वादहा वाजले होते.

तिचा भाऊ गावाकडे पळाला. दादा सडकेवर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीवाल्याला विचारत होता, जीप कुठं भेटन. वहिनी खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला म्हणाली, "भाऊजी, यायले म्हना चिडू नका. येईन कोनीतरी."

जीप साडेबाराला आली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेली.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं, "दोन तास आधी आली असती, तर बहुतेक वाचली असती." थोड्या वेळानं दादानं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. मी सांगितलं, "म्हणाले, काही फरक पडला नसता." त्यानं मान हलवली.

गाडी ट्रकला बांधून मिस्त्रीकडे नेली होती. तेरावं झाल्यावर मी ती आणायला गेलो. चेंबर दुरुस्त झालं होतं. मिस्त्री गाडीच्या मागे उकिडवा बसला होता.

"बापू, जरा इकडं या. मांगं कोनी बसलं हाय का, पाहा."

मी पाहिलं. गाडी रिकामी होती.

"मंग हे सारखं काऊन हाय?"

मी बोटं लावली. डावी बाजू आणि उजवी बाजू, दोन्हीकडे अंतर सारखंच होतं. रिकाम्या गाडीत डावी बाजू एक बोट वर हवी होती.

आम्ही प्रथम हवा तपासली. ती ठीक होती. जमीन उतरती असेल म्हणून गाडी तोंड फिरवून उभी केली. अंतर तेच आलं. मिस्त्रीनं पाटा खोलून जमिनीवर अजून दिसणाऱ्या खडूच्या नव्या रेघेवर ठेवला. तो रेघेला रेघ बसला, कमान जराही उतरली नव्हती. मग त्यानं डावा पाटा उजवीकडे आणि उजवा डावीकडे टाकला. पाट्यात खोट असती तर ती पाट्याबरोबर उजवीकडे गेली असती. गाडी डावीकडेच खाली बसली... आणि आधीपेक्षा जास्त, कारण जास्त कमानीचा पाटा आता उजवीकडे होता. मिस्त्रीनं पाटे पुन्हा होते तसे लावले. शेवटी मला वहिनीच्या जागी बसायला सांगितलं. मी बसलो तर डावी बाजू आणखी एक बोट खाली गेली. दुसरं माणूस बसल्यासारखी.

या सगळ्याला दुपार गेली. मिस्त्रीनं हात पुसले.

"मशीन हाय तोवर मले समजते," तो म्हणाला. "हे मले नाई समजत. शेठले सांगाचं का?"

मी नको म्हणालो. पण दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच तिथे आला आणि मिस्त्रीला खोटं बोलता येत नव्हतं. दादानं सगळं ऐकून घेतलं. डाव्या चाकावरच्या फटीत हात घातला आणि तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "मिस्त्री, गाडी वर घ्या. पयले होती तेवढी."

"मांगं पाट्याले एकेक पान वाढवतो. समोर जुन्या स्प्रिंगा लावतो. अन् हा डावा... उजव्यासारखा करू का?"

"नाई. त्याले हात नोका लावू."

नट आवळायची वेळ आली तेव्हा दादा आणि मी आपापल्या जागी बसलो. मागे कोणी बसायचं, हे मिस्त्रीनं विचारलं नाही. काम संपल्यावर आम्ही उतरलो आणि मी मोजलं. गाडी अडीच इंच वर आली होती. दोन्ही बाजू सारख्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मला म्हणाला, "चाल."

आम्ही धामणगावला गेलो. वहिनीच्या माहेरासमोर त्यानं गाडी थांबवली, पण उतरला नाही, इंजिनही बंद केलं नाही. तिची आई ओट्यावर आली तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि गाडी बुलढाण्याच्या वाटेला लावली. नाल्यात शिरलो तेव्हा त्या दिवसासारखेच सव्वादहा वाजले होते, पण या वेळी त्यानं वेग मुळीच वाढवला नाही. खाली काहीही घासलं नाही. दगडांवर अजून तेलाचा काळा डाग होता.

दवाखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली. उन्हाचा लख्ख उजेड होता, बाहेरच्या झाडाखाली पेशंटांची माणसं डबे उघडून बसली होती. दादा उतरला, वळसा घालून आला आणि मागचा डावा दरवाजा उघडून उभा राहिला. मीही उतरलो.

"घड्याय पाह्य, बापू."

"अकराला पाच कमी."

"त्या दिवशी?"

"दीड वाजला होता." मग मी म्हणालो, "दादा, पण डॉक्टर म्हणालेच होते ना, काही फरक..."

"डॉक्टरनं तुह्या आधी मले सांगतलं होतं," तो म्हणाला. "तू काऊन खोटं बोलला तेही मले समजलं. जाऊ दे."

मग तो दरवाज्यात वाकला. चारचौघांत तो तिचं नाव कधी घेत नसे, 'अवं' म्हणून हाक मारायचा. त्या रिकाम्या जागेकडे पाहून तो म्हणाला, "कुसुम, त्या स्प्रिंगा मी टाकल्या. उशीर माह्यामुयं झाला."

पाटा करकरला. माणूस गाडीतून उतरताना होतो तसा, छोटा आवाज. झाडाखालच्या एका बाईनंही मान वळवून पाहिलं. मी खाली वाकून बोटं लावली. डावी बाजू एक बोट वर आली होती. पुन्हा मोजलं. तेवढीच होती.

दादा अजून दरवाजा धरून उभा होता. मग त्यानं तो हळूच लोटला.

पुढे दोन इंजिनिअरांना मी हे विचारलं, नावं न सांगता. दोघंही म्हणाले की पाट्याची पानं गंजून एकमेकांत अडकतात आणि रस्त्याच्या धक्क्यानं एखादे वेळी सुटतात. एक बोट फरक सहज पडेल. असेल. पण ते पाटे खोलले होते, अदलाबदल केले होते, एक पान वाढवून पुन्हा जोडले होते. तेव्हा का सुटले नाहीत? आणि गाडी उभी असताना कोणता धक्का बसला? दादा आता नाही, मिस्त्रीही नाही. ते अंतर मोजलेला मी एकटाच उरलो आहे.

त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी दादानं गाडीची किल्ली पहिल्यांदाच माझ्या हातात दिली. मला वाटलं, घरी जायचंय.

"धामणगावले घे," तो म्हणाला. "तिच्या मायले सांगाचं हाय."

तिथे पोहोचलो. तो एकटाच आत गेला, दार त्यानंच लावून घेतलं. मी बाहेर उभा होतो. मग आतून म्हातारीचं रडणं ऐकू आलं, आणि त्यात दादाचंही.