साडूचा आकडा

मास्तरांना झटका आला तो कॉलरला इस्त्री मारताना. डावा हात एकाएकी परक्याचा झाला आणि लोंबायला लागला. त्याआधी दोनच महिने त्यांच्या साडूला, म्हणजे मेहुणीच्या नवऱ्याला, असाच झटका येऊन गेला होता. पण त्याचं नुसतं तोंड वाकडं झालं, आणि आठवड्यात सरळही झालं. धंद्याने सुतार, रंधा पहिल्यासारखा मारू लागला. मास्तर शिंपी. मशीनखाली कापड सरळ धरायला त्यांच्या डाव्या हाताला चार महिने लागले. साडूवरून मास्तरांचं पोट दुखायला सुरुवात झाली ती इथून.

"त्याचं तोंड मुळातच वाकडं होतं. सवयीने जागेवर बसलं," मास्तर बायकोला म्हणाले. बायको हसली नाही.

दोघांचा डॉक्टर एकच. त्याने दोघांनाही बजावलं होतं, की मेंदूकडे जाणाऱ्या नळ्यांत चरबीचा थर धरलाय. एकदा झटका आलेल्याला पुन्हा येण्याची भीती जास्त. म्हणून रोज एक गोळी, आणि रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल सत्तरच्या खाली. "पुढच्या खेपेला हात परत मिळेलच असं नाही," असंही तो मास्तरांना म्हणाला होता. हे वाक्य मास्तरांच्या डोक्यात ठाण मांडून बसलं. पण त्याला खेटून साडूही बसला.

पहिल्या तपासणीत साडूचा आकडा आला चोपन्न, मास्तरांचा ब्याण्णव. मेहुणीचा फोन बायकोने मुद्दाम मोठ्या आवाजावर ऐकला.

"भाऊजी बघा किती काटेकोर राहतात," फोन ठेवून ती मास्तरांना म्हणाली.

"मग मी काय तेलात पोहतो?"

"मटण सुटलं नाही तुमचं."

"महिन्यातून एकदा खातो."

"आकडा एकदाचा वाटत नाही."

डॉक्टर म्हणाला, महिनाभर गोळी न चुकवता घ्या, मग पुन्हा बघू. मास्तरांनी त्यावर शिंप्याच्या डोक्याने विचार केला. छाती छत्तीस भरली म्हणून कापड कोणी छत्तीसला कापत नाही. शिवणीत दाबायला थोडं जास्तीचं ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. डॉक्टरने सांगितलेली एक गोळी हे झालं माप. मग माया कुठे आहे? मास्तर रोज दोन गोळ्या घेऊ लागले. दुसरी दुकानातच घ्यायची, बटणांच्या डब्यातून. बायकोला पत्ता नाही.

पंधरा दिवसांत मांड्या ठणकायला लागल्या. मशीनचं पायडल मारताना ओल्या वाळूत चालल्यासारखं होई. गिऱ्हाईकाचा सदरा चार दिवस तसाच पडून राहिला. तरी मास्तर हटले नाहीत. चोपन्न मोडायचा होता.

आकडा आला एक्कावन्न.

डॉक्टरकडे जाताना मास्तर साडूला आग्रहाने बरोबर घेऊन गेले. आकडा वाटेत सांगितला नाही. त्याने डॉक्टरच्याच तोंडून ऐकावं.

"वा, मास्तर," डॉक्टर कागद बघून म्हणाला. "चाळीस मिलिग्रॅमच्याच गोळीवर एक्कावन्नवर उतरला? मी आज जोडीला दुसरी देणार होतो. आता गरज नाही. हीच चालू ठेवा, सहा महिन्यांनी भेटू."

"चाळीसची?" साडू म्हणाला. "मला तर ऐंशीची आहे."

मास्तरांना आधी नाकाला मिरची झोंबली. "याला मोठी आणि मला छोटी? का?"

"तुमचं वय जास्त, अंगकाठी बारीक. सोसेल तेवढीच दिली."

शेजारी साडूचं तोंड उतरलं होतं. या तोंडासाठी मास्तरांनी महिना काढला होता. ते त्यांनी पोटभर बघून घेतलं. पण डॉक्टरचं पेन चालू होतं. आता घरी जाऊन एकच घेतली तर आकडा पुन्हा ब्याण्णव, आणि सहा महिने कोणी बघणार नाही. दोन घेतल्या तर पाय जाणार. त्यांनी डावा हात मांडीवर उलटा करून पाहिला.

"साडूभाऊ, जरा बाहेर बसा."

"का बुवा? माझं सगळं तुम्ही इथेच बसून ऐकता."

"बसा म्हणतो ना."

साडू हलला नाही. मास्तर टेबलाकडे बघत म्हणाले, "हा आकडा दोन गोळ्यांचा आहे."

डॉक्टरने पेन ठेवलं. "दोन कोणी सांगितल्या?"

"कोणी नाही. माया ठेवली." आणि मायेचा अर्थ त्यांना उलगडून सांगावा लागला.

"मास्तर, औषध मापालाच कापायचं असतं. पाय दुखतात?"

"पायडल मारवत नाही."

"लघवी चहासारखी काळपट होते?"

"नाही."

डॉक्टरने स्नायूंसाठी रक्त तपासायला लिहिलं. पाय शांत होईपर्यंत गोळी थांबवायची, पण आपल्या मनाने कायमची सोडायची नाही. मी सांगेन तेव्हा पुन्हा सुरू करायची, ती एकच.

"म्हणजे चोपन्न अजून उभा आहे," साडू मिशीत हसत म्हणाला.

"आणि तेव्हा जोडीला ही," डॉक्टर लिहीत म्हणाला. "ही वेगळ्या जातीची. आतड्यातून कोलेस्टेरॉल रक्तात जायचं, ते ही अडवते."

साडू पुढे वाकला. "यांना दोन जातींच्या? मग मला एकच का?"

"तुमचं एकीवरच भागतंय."

"भागतंय म्हणून काय झालं, डॉक्टर? यांना दोन आहेत."

मास्तर चिठ्ठी खिशात घालून उठले. मांड्यांतून कळ आली. पण साडू आत वाद घालत होता, म्हणून ते दाराशी उभेच राहिले, शेवटपर्यंत ऐकत.