बशीतल्या पेशी

खांदा कॉलनीतल्या आमच्या मेडिकलवाल्याला गोळ्यांची पट्टी कापताना जीभ दातांत धरायची सवय आहे. पट्टी पाकिटात टाकली की तो न चुकता विचारतो, "अजून काय, काका?"

हिच्या कॅन्सरच्या दिवसांत मी त्याला मोबाईलवरची बातमी दाखवली. अ जीवनसत्त्वापासून बनवलेल्या एका द्रव्याने कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबते, असं तीत होतं. मला त्या जीवनसत्त्वाच्या जास्तीत जास्त पॉवरच्या कॅप्सूल हव्या होत्या.

चष्मा कपाळावर चढवून त्याने बातमी शेवटपर्यंत वाचली. "काका, हे काचेच्या बशीतल्या पेशींवर केलंय. काकू काय बशीत आहेत? डॉक्टरांना विचारा, मग देतो."

मी विचारलं नाही. स्टेशनजवळच्या दुकानातून कॅप्सूल आणल्या आणि हिला रोज दुधाबरोबर दिल्या. हिचे ओठ फुटले, डोकं ठणकू लागलं, केमो पुढे ढकलावी लागली.

"कोणी दिल्या या?" डॉक्टर चिडून म्हणाले. मुलगा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "आपल्या मेडिकलवाल्याने."

मुलगा दुकानात जाऊन त्याला नाही नाही ते बोलला. मी पायरीवरच उभा होतो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलाला एवढंच म्हणाला, "काकूंना बरं वाटू दे."

ही गेली. आमच्या इमारतीतलं कोणी अजून त्याच्याकडे जात नाही. मी बीपीच्या गोळ्या त्याच्याकडूनच घेतो. "अजून काय, काका?" तो विचारतो, आणि मी "काही नाही" म्हणून घरी येतो.

त्या कॅप्सूल त्याने दिल्या नव्हत्या. हे आधी मुलाला वाचायला देणार आहे.